न उकळणारा तांब्या

एका गावात एक पाटील होता. त्याचं नाव गिरजोजी. त्याच्याकडे जमीन भरपूर होती, ऊस भरपूर होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. आणि या सगळ्याहून भरपूर होता तो संशय. कोणी रामराम केला की त्याला वाटायचं, ह्याला काहीतरी मागायचंय. कोणी रामराम न करता गेला की वाटायचं, ह्यानं काहीतरी लपवलंय. बायकोनं जेवताना आग्रह केला तर हा भाकरी उलटून बघायचा. देवळात हात जोडायचा तेव्हाही एकच डोळा मिटायचा. दुसरा बाहेर काढून ठेवलेल्या वहाणांवर असायचा.

असा माणूस साधा शेतकरी असता, तर स्वतःपुरता कुढत बसला असता. पण हा पाटील. गावात काही हरवलं, कोणावर आळ आला, की निवाडा त्यानंच करायचा.

निवाड्याची त्या गावात एक जुनी रीत होती. ज्याच्यावर आळ आला, त्यानं आपल्या घरचा तांब्या पाण्यानं भरून आणायचा. गुऱ्हाळाच्या काहिलीत उसाचा रस कढत असायचा. त्या रसात तो तांब्या साखळीनं गळ्यापर्यंत सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही. मग त्या माणसानं मोठ्यानं म्हणायचं, "मी खरा आसंन तर माझं पानी उकळू दे." तांब्यातल्या पाण्याला उकळी फुटली, तर माणूस निर्दोष. नाही फुटली, तर चोर. चोराला वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे राहावं लागायचं. त्याला गावच्या विहिरीचं पाणी नाही आणि गावच्या पंगतीत पान नाही.

गिरजोजीच्या आजोबानं आयुष्यभर असे निवाडे केले. त्याच्या वेळी ज्यानं ज्यानं काहिलीत तांब्या सोडला, त्याचं पाणी उकळलं.

गिरजोजी पाटील झाला आणि त्याच्या मनात आलं, ही माणसं निवाड्याला येतात की काकवी चाटायला? निम्म्या तक्रारी तर काकवीसाठीच होत असतील! झालं. त्यानं निवाडा गुऱ्हाळावरून उचलला आणि चावडीपुढं आणला. तिथं एक भलाथोरला हंडा मांडला. रसाऐवजी त्यात विहिरीचं साधं पाणी भरलं. "पानी काय आनि रस काय, उकळलं म्हंजी उकळलं," तो म्हणाला. पाटलापुढं कोण बोलणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर सात निवाडे झाले. हंडा उसळून उसळून उकळायचा, पण आत सोडलेल्या तांब्यातलं पाणी नुसतं वाफाळत राहायचं. सातही वेळा उकळी फुटली नाही. सात माणसं ओढ्यापलीकडे गेली.

सातवा माणूस कोण होता, सांगू? गिरजोजीचा सख्खा धाकटा भाऊ, जोत्याजी. पाटलाचा कोयता हरवला होता, आणि तो शेवटचा जोत्याजीच्या हातात दिसला होता. पुढच्या सुगीत तोच कोयता उसाच्या सरीत गंजलेला सापडला. तेव्हा गिरजोजी म्हणाला, "बघा, चोरानं भिऊन परत आनून टाकला."

त्याला भावाचं दुःख झालं नाही असं नाही. दोन दिवस तो जेवला नाही. पण त्या दुःखातही त्याला आतून बरं वाटत होतं. आजोबा भोळा होता, सगळ्यांना सोडून द्यायचा. आपल्याला मात्र कोणी फसवू शकत नाही. गाव चोरांचं आहे असं आपण म्हणत होतो, आणि आता हंडाच साक्ष देतोय. संशयी माणसाला हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद थोडा होतो, चोर सापडल्याचा फार.

आणि मग एक दिवस पाटलाचा चांदीचा अडकित्ता हरवला. आजोबाच्या हातचा.

खरं तर तो हरवलाच नव्हता. बाजाराला निघताना गिरजोजीनं स्वतःच तो बायकोच्या, बनाबाईच्या, हातात दिला होता. म्हणाला होता, "कुठंतरी दडवून ठेव. कुठं ते मला सांगू नगंस. म्या इचारलं तरी सांगू नगंस. माझं सोंग घिऊन कोन यील, नेम न्हाई." बनाबाईनं तो ज्वारीच्या कणगीत खोल पुरून ठेवला. पाटील बाजारातून आला तो हिवताप घेऊनच. आठ दिवस अंथरुणात कण्हत होता. उठला तेव्हा ते सगळं बोलणं तापाबरोबर उतरून गेलं होतं.

त्यानं पानाचं तबक पुढं ओढलं. अडकित्ता नाही! त्याला एवढंच आठवलं, की बाजाराच्या आदल्या दिवशी भैरू गुळव्या ओट्यावर बसला होता आणि आपण त्याला सुपारी कातरून दिली होती.

भैरू म्हणजे पाटलाच्या गुऱ्हाळावर चाळीस वर्षं गूळ रांधणारा माणूस. रस कधी काढायचा, आच कधी ओढायची, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. त्याच्या हातचा गूळ लोक डोळे मिटून घ्यायचे. अर्थात, पाटील सोडून.

"अवं, घरातच आसंल अडकित्ता," बनाबाई म्हणाली.

पाटलानं तिच्याकडे पाहिलं. कोयता हरवला तेव्हा भावाकडे पाहिलं होतं, तसंच. "तुला कसं ठावं?" त्यानं विचारलं.

बनाबाईच्या डोळ्यापुढं चावडीपुढचा हंडा उभा राहिला. आपण कणगीत हात घालून अडकित्ता काढला, तर हा काय म्हणेल? तूच चोरलास, म्हणेल. मग आपला तांब्या. आजवर कोणाचा तांब्या उकळलाय? तिनं कणगीला हात लावला नाही. त्या संध्याकाळी भैरूला निरोप गेला: परवा सकाळी तांब्या घेऊन चावडीवर ये.

भैरूच्या घरात चूल पेटली नाही. म्हातारा गुडघ्यात मान घालून बसला. ओढ्यापलीकडे गेलं की काहील गेली, नाव गेलं, नातवंडांची लग्नं गेली. चोराच्या घरात मुलगी कोण देणार?

त्याची सून तानू मोठी चतुर. ती हळूच म्हणाली, "मामंजी, गुऱ्हाळावर चाचं पानी कवा टांगायचं, ते तुमीच शिकवलंय की सगळ्यास्नी."

गुऱ्हाळावरच्या माणसांना हे माहीत होतं. पातळ रसात किटली टांगली तर चहाचं पाणी नुसतं तापतं, उकळत नाही. चहा कच्चा लागतो. काकवी होत आली की टांगायची. मग कसं खळाळून उकळतं!

"व्हय," भैरू म्हणाला.

"आनि खाऱ्या पान्यातबी तसंच हुतं म्हनं. मग येक मिठाचं पोतं न्हिऊन हंड्यात रितं करा. इरगाळलं की कुनाला दिसतंय? तुमचं पानी उकळंल. सुटाल."

भैरूनं गुडघ्यातून मान वर काढली. मग म्हणाला, "सुटंन गं. पर आजपतूर चोरी केली न्हाई. आता सुटन्यासाठी चोरून मीठ टाकू?" आणि पुन्हा खाली बघत म्हणाला, "सात जनांचं पानी उकळलं न्हाई. का उकळलं न्हाई, ते मला सातीवेळा ठावं हुतं. म्या गप बसलो. म्हनलं, आपल्याला काय करायचंय. आता माझ्यावर आलं, तर म्या येकटाच सुटू व्हय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव चावडीपुढं जमलं. पाटलानं हंड्याचं पाणी स्वतः शेंदलं होतं. सरपणाची एकेक फोड त्यानं हातात घेऊन बघितली. हंड्यातलं पाणी पळीनं काढून, फुंकून, चाखूनही बघितलं. गर्दीत तानू उभी होती. तिनं ते पाहिलं. मीठ टाकलं असतं, तर म्हातारा जागच्या जागी चोर ठरला असता.

भैरूनं तांब्या पुढं केला आणि म्हणाला, "पाटील, येक मागनं हाय. माझ्या शेजारी तुमचाबी तांब्या सोडा. तुमी तर खरं मानूस. तुमचं पानी उकळंल, माझं न्हाई. गावाला फरक तर दिसंल."

पाटलाला लगेच वास आला. हा हे का मागतोय? ह्याच्यात काय डाव आहे? तो नाही म्हणणार होता. पण त्यानं मान वर केली तर सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. नाही म्हटलं, तर लोक काय समजतील? आपल्याकडे कोणी संशयानं बघितलं तर कसं वाटतं, हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळलं. मुळीच चांगलं वाटत नव्हतं.

तो स्वतः घरी गेला, कुलूप काढून आपला तांब्या आणला, स्वतः पाणी भरलं. दोन साखळ्यांना दोन तांबे हंड्यात सुटले. वेळ मोजायला उदबत्ती लावली. हंड्यातलं पाणी उसळ्या घेत होतं. उदबत्ती जळत जळत शेवटाला आली. भैरूचा तांब्या गप्प. पाटलाचाही गप्प.

कोणी हसलं नाही. हसण्याची हिंमत कोणात होती? पण सगळ्यांच्या नजरा पाटलाच्या तांब्यावर खिळल्या होत्या.

"करनी!" पाटील ओरडला. "ह्यानं माझ्या पान्यावर करनी केली!"

"करनी न्हाई, पाटील," भैरू म्हणाला. "तुमच्या आज्याच्या रीतीनं करा की. गुऱ्हाळावर चला. साखळ्या तुमीच धरा. माझं हात मागं बांधा. म्या काहिलीला शिवनारबी न्हाई."

पाटलानं त्याचे हात खरंच बांधले, आणि गाठ दोनदा ओढून बघितली. मग सगळं गाव गुऱ्हाळाकडे निघालं.

काहिलीत रस नुकताच कढायला लागला होता. पाटलानं दोन्ही तांबे सोडले. रस मोठ्यानं खळखळत होता, फेस कडेपर्यंत चढत होता. तांब्यातलं पाणी मात्र हललं नाही. पाटील कुत्सित हसला. "उकळलं का माज्या आज्याच्या रीतीनं?"

"दम धरा," भैरू म्हणाला.

काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं पडत राहिली. ऊन डोक्यावर आलं. काहिलीतला रस आटत गेला, दाट झाला, तांबूस झाला. फेस बसला. खळखळ थांबली आणि जाडजाड बुडबुडे सावकाश फुटू लागले. पाटलाचे डोळे बारीक झाले. "जाळ कुनी कमी केला रं? काहील थंड पडाय लागली! ह्योच तुमचा डाव, व्हय?" आणि काहील किती थंड झाली ते बघायला त्यानं हात पुढं केला.

भैरूचे हात बांधलेले होते. म्हातारा तसाच धावला आणि त्यानं खांद्यानं पाटलाला बाजूला लोटलं. "हात घालू नगा! मऊ उकळतंय म्हंजी थंड हाय, असं न्हाई!"

पाटील त्याच्यावर खेकसणार, तेवढ्यात एक बुडबुडा फुटला आणि काकवीचा एक थेंब उडून पाटलाच्या मनगटावर बसला. पाटील असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. उकळतं पाणी त्याच्या हातावर पूर्वी सांडलं होतं, पण असा चटका त्याला कधी बसला नव्हता. सगळा हात आत गेला असता तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नव्हती.

आणि तेव्हाच तानूनं बोट दाखवलं. "बघा!"

भैरूच्या तांब्यात तळाकडून बारीक मणी वर येत होते. पाटलाच्याही तांब्यात. बघता बघता दोन्ही तांबे खदखदा उकळू लागले. पाणी उसळून तोंडाबाहेर सांडू लागलं. ज्याच्यावर आळ होता त्याचं आणि ज्यानं आळ घेतला त्याचं, दोघांचं पाणी एकाच वेळी उकळत होतं.

पाटलानं मनगट धरून विचारलं, "ह्ये कसं रं?" या वेळी त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भैरू म्हणाला, "पाटील, नुसतं पानी येकदा उकळाय लागलं की त्याच्या फुडं तापत न्हाई. कितीबी जाळ घाला, ते वाफ हून निघून जातं. हंडा तांब्याला आपल्याइतकं तापवील, त्याच्या वर न्हाई. मग तांब्यातलं पानी वाफ हुयाला जास्तीची आच आननार कुठनं? रसाचं तसं न्हवं. त्यात साखर इरगाळल्याली असती. ती पान्याला धरून ठेवती, सहजी वाफ हुऊ देत न्हाई. म्हनून रसाला उकळाय जास्ती तापावं लागतं. जितका दाट, तितका जास्ती. त्यो जास्तीचा ताप तांब्याला मिळतो. मीठ इरगाळलं तरी त्येच."

"म्हंजी आज्याच्या येळंला…"

"काकवीत कुनाचाबी तांब्या उकळायचा. चोराचाबी उकळला आसता. आज्याला ठावं हुतं ते. पर चोराला ठावं नव्हतं! त्यो तांब्या घिऊन निघायचा आनि गुऱ्हाळाच्या वाटंवरच्या चिंचंखालीच त्येचं पाय लटपटायचं. तितंच कबूल हुयाचा. काहिलीपतूर पोचायचा त्यो खराच मानूस."

पाटील चिपाडाच्या ढिगावर मटकन बसला. "आनि माज्या हंड्यात?"

"तुमच्या हंड्यात देव जरी तांब्या घिऊन आला आसता, तरी वड्यापल्याड गेला आसता." भैरूनं मान खाली घातली. "ह्ये मला सातीवेळा ठावं हुतं आनि म्या त्वांड उघडलं न्हाई. त्यो माझा गुन्हा. त्यापायी गावाभाईर जा म्हना, जातो. अडकित्त्यापायी जानार न्हाई."

गर्दी मागं सरली. बनाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. "आता बोलू का? अडकित्ता कनगीत हाय. बाजाराला निघताना तुमीच माज्याजवळ दिला. म्या इचारलं तरी सांगू नगंस, म्हनालात."

पाटलाला आठवलं. ओटा आठवला, बाजाराची पिशवी आठवली, स्वतःचेच शब्द आठवले. "मग तू आदी का बोलली न्हाईस?"

"बोलले आसते, तर माझा तांब्या तुमच्या हंड्यात उकळला आसता व्हय?"

पाटलानं उठून भैरूच्या हातांची गाठ सोडायला घेतली. स्वतःच ओढून आवळलेली गाठ. ती सुटायला फार वेळ लागला. गाठ सुटल्यावर तो म्हणाला, "भैरू, तू बोलला न्हाईस, ह्यो तुजा गुन्हा खरा. पर कुनी बोलूच ने आसा हंडा म्या मांडला. त्यो मोटा गुन्हा."

त्याच दुपारी तो ओढ्याकडे गेला. एकटाच. पलीकडच्या सात झोपड्यांतून सात माणसं बाहेर आली. कोणी पुढं झालं नाही. पाटलानं घडलं ते सगळं सांगितलं आणि हात जोडले. या वेळी दोन्ही डोळे मिटून.

जोत्याजी ओढ्याच्या त्या काठावर उभा राहून भावाकडे बघत राहिला. कोणावर विश्वास ठेवावा की नाही, हे आता त्याला ठरवायचं होतं. शेवटी त्यानं विचारलं, "दादा, हंडा कुठं हाय?"

"पालथा केलाय."

जोत्याजीनं ओढ्यात पाय घातला. प्रत्येक पाऊल तो चाचपून टाकत होता. घोटाभर पाण्यातसुद्धा दादानं काही मांडून ठेवलं असेल, अशी त्याला शंका होती. गिरजोजीला ते दिसलं. अडकित्ता हरवला तेव्हा नाही, भाऊ गेला तेव्हाही नाही, पण ते पाहून तो रडला.

संध्याकाळी पंगत बसली. ओढ्यापलीकडच्या सातही जणांची पानं मांडली होती. तोच हंडा सरळ करून, घासूनपुसून, त्यात आमटी केली होती. बनाबाईनं पाटलाच्या ताटात भाकरी वाढली. सवयीनं त्याचा हात भाकरी उलटायला गेला. समोर जोत्याजी बसला होता. त्याचाही हात आपल्या ताटातली भाकरी उलटायला गेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गिरजोजीनं हात मागं घेतला, भाकरी न बघताच मोडली, आणि पहिला घास खाल्ला.

मग जोत्याजीही जेवायला लागला.

तात्पर्य: ज्या परीक्षेत खरा माणूसही उतरू शकत नाही, ती चोर शोधत नाही, फक्त संशयाला खाऊ घालते, आणि तिच्या भीतीनं खरं ठाऊक असलेलेही तोंड मिटून बसतात.